आज्ञापत्रांतील दारूखान्याचें कलम

रामचंद्र नीलकंठ अमात्य यांचें आज्ञापत्र आमच्या वाचकांस नवें नाहीं. त्यांतील साहुकारांवरील, वतनदारांवरील आणि टोपीकरांवरील प्रकरणें पुष्कळांनीं वाखाणिलीं आहेत. टोपीकरांचें प्रकरण तर व्याख्यानांतून इतक्या वेळां कानीं पडतें कीं, ग्रंथांत दुसरें कांहीं नसावेंच असें एखाद्यास वाटावें. दुर्गप्रकरणांत दारूखान्याविषयीं जें लहानसें कलम आहे, त्याजवळ मात्र कोणी फारसा थांबत नाहीं. थोडक्या वाक्यांचें हें कलम आम्हांस सबंध ग्रंथांतील अत्यंत कसदार लेखनांपैकीं वाटतें. तें तसें कां वाटतें हें येथें सांगावयाचें आहे, आणि त्यांतील उणीवही दाखवावयाची आहे. कारण थोरांच्या लेखनास नुसती आरती ओंवाळणें म्हणजे परीक्षण नव्हे.

कलमाचा आशय असा. दारूखाना राहत्या घराजवळ अगर घराच्या वाऱ्याखालीं नसावा. सदरेपासून बेताच्या अंतरावर जागा धरून भोंवतीं निर्गुडीसारख्या झाडांचें दाट कुंपण करावें. आंत तळघर, तळघरास गच, गचावर माच आणि माचावर दारूचीं मडकीं. बाण, होके इत्यादि मधल्या घरांत. सर्दी लागूं देऊं नये. आठपंधरा दिवसांनीं हवालदारानें जातीनें येऊन माल बाहेर काढवावा, त्यास ऊन द्यावें आणि पुन्हां मुद्रा करून ठेवावा. पहारा रात्रंदिवस जागता असावा व परवानगीवांचून आसपास माणूस फिरकूं देऊं नये.

इ. स. १७१६ च्या सुमारास, करवीरकर संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत हें लिहिलें गेलें. लिहिणारा पुरुष कारकुनी करून म्हातारा झालेला नव्हता. राजाराम महाराज जिंजीस असतां ज्याच्या शिरावर इकडील सर्व राज्याचा भार होता, ज्यानें गड गेलेले पाहिले आणि परत घेतलेले पाहिले, त्याचें हें लेखन आहे. म्हणून शब्द मोजके आहेत व प्रत्येक शब्दास वजन आहे.

प्रथम शब्दांकडेच पाहूं. ‘गच’ हा शब्द आजच्या तरुण वाचकास फसवितो. आमच्याकडे शिकावयास येणाऱ्या एका विद्यार्थ्यानें ‘तळघर गच्च भरावें’ असा अर्थ लाविला होता, आणि तो मोठ्या आत्मविश्वासानें लाविला होता. गच म्हणजे चुन्याची घट्ट भुई. गच्ची हा शब्द त्याच घरचा. अर्थ एकदां चुकला कीं सगळ्या कलमाचा आशय उलटा होतो. कारण ज्याला कोठी गच्च भरावयाची आहे त्याला माच कशाला हवा? माच पाहिजे तो मडकें भुईस टेकूं नये आणि खालून वारा खेळावा म्हणून. ‘सर्द’ हा फारशी शब्द मुळांत थंडीचा. परंतु आपल्या भाषेंत तो ओलाव्याचा झाला, आणि ज्या देशांत चार महिने भिंती पाझरतात तेथें तो तसा होणें स्वाभाविकच होतें.

निर्गुडीच कां, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. निर्गुडीस गुरें सहसा तोंड लावीत नाहींत, त्यामुळें कुंपण विरळ होत नाहीं. आणि ती हिरवी राहते, वाळल्या कांट्यांच्या वईप्रमाणें ठिणगीची वाट पाहत बसत नाहीं. हें कारण ग्रंथकारानें सांगितलेलें नाहीं. आमचा तर्क आहे. परंतु ज्यानें झाडाचें नांव घेऊन आज्ञा लिहिली, त्यानें तें नांव उगाच घेतलें नसावें.

आतां संस्कृताकडे वळूं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत आयुधागाराध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण आहे. तेथें शस्त्रें योग्य जागीं ठेवावीं, त्यांची जागा वारंवार बदलावी, त्यांस ऊन व वारा द्यावा, आणि ऊष्मा, ओल व कीड यांनीं बिघडणारीं शस्त्रें निराळ्या प्रकारें ठेवावीं असें सांगितलें आहे. शिवाय प्रत्येकाची जाति, रूप, खूण, प्रमाण, कोठून आलें, किंमत काय आणि कोठें ठेविलें, ही नोंद अध्यक्षाजवळ असावी. हें वाचतांच संस्कृत शिकलेला मनुष्य टाळी वाजवितो व म्हणतो, पहा, अमात्यांनीं कौटिल्याचेंच मराठी केलें! आम्हीही तारुण्यांत असेंच म्हटलें होतें. पण अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयांत शामशास्त्री यांस १९०५ सालीं सांपडली व १९०९ सालीं ती छापून निघाली. अमात्यांनीं ती समोर ठेवून लिहिलें असें म्हणण्यास आधार नाहीं. आणि खरें पाहतां दोन्ही कलमें एकमेकांपासून जेथें वेगळीं होतात, तीच जागा अधिक बोधक आहे.

कौटिल्याचे शत्रु तीन : ऊष्मा, ओल आणि कीड. लोखंड गंजतें, लांकूड किडतें, चामडें बुरसतें. तिन्हींवर ऊन आणि वारा हें एकच औषध बहुतांशीं पुरतें. अमात्यांपुढें चौथा शत्रु उभा आहे, तो अग्नि. आणि या चौथ्यामुळें पहिलें औषधच संशयास्पद होतें. वारा ओल नेतो, पण वाराच चुलीची ठिणगी आणतो. उघड्या जागीं दारू कोरडी राहते, पण उघड्या जागीं ती सुरक्षित नसते. तळघरांत ती आगीपासून आणि शत्रूच्या गोळ्यापासून दूर जाते, पण सह्याद्रीवरील तळघर म्हणजे ओलीचें माहेरघर. आगीवरचा प्रत्येक उपाय सर्दीस बोलावतो आणि सर्दीवरचा प्रत्येक उपाय आगीस. कलमाची सारी रचना या पेंचांतून वाट काढण्यासाठीं आहे. तळघर घेतलें म्हणून गच आला, गच पुरेना म्हणून माच आला, माच पुरेना म्हणून पंधरवड्याचें ऊन आलें. ऊन देण्यासाठीं कोठी उघडावी लागते म्हणून हवालदाराची जातीनें हजेरी आली, आणि हवालदारावरही सर्वस्वीं विसंबावयाचें नाहीं म्हणून मुद्रा आली. एका वाक्याच्या पोटीं दुसरें वाक्य जन्मास येतें. याला आम्ही उत्तम गद्य म्हणतों.

दारूचा स्वभाव ज्यास ठाऊक आहे त्यास ऊन देण्याचें मर्म अधिक पटेल. सोरा, कोळसा व गंधक यांचें हें मिश्रण. युरोपांत पुढें रूढ झालेलें प्रमाण शेंकडा ७५, १५ आणि १० असें आहे. शुद्ध सोरा हवेंतील पाणी फारसें ओढीत नाहीं. परंतु लोण्या मातींतून काढलेल्या सोऱ्यांत मीठ व इतर क्षार राहून जातात, आणि ते पाणी ओढतात. मग दारूचे गठ्ठे होतात, सोरा वर फुलून येतो, व ऐन वेळीं बार फुसका निघतो. म्हणजे जितका सोरा हलका तितकी कोठीची निगा अधिक.

येथवर स्तुति झाली. आतां उणीव.

त्याच दुर्गप्रकरणांत तोफांविषयीं लिहितांना अमात्य पावसाळ्याची वेगळी व्यवस्था सांगतात. तोफांस तेल व मेण द्यावें, कान मेणानें भरावे, वर झांप घालावा. दारूच्या कलमांत मात्र पर्जन्यकाळाचा निराळा विचार नाहीं. आठपंधरा दिवसांनीं ऊन द्यावें ही आज्ञा बारमास सारखीच आहे. आषाढापासून भाद्रपदापर्यंत राजगडावर अगर रांगण्यावर ऊन आणावयाचें कोठून? ज्या चार महिन्यांत सर्दीचें भय सर्वांत मोठें, त्याच चार महिन्यांत हा उपाय हातचा जातो. कदाचित् जाणत्या हवालदारास तें सांगण्याची गरज नसेल, आणि मडक्याचें तोंड लाखेनें अगर मेणानें बंद करून चार महिने हात लावूं नये हा परिपाठच असेल. पण आज्ञापत्र हें अजाण माणसासाठींही लिहिलें जातें, आणि तोफेस जी दूरदृष्टि लाभली ती दारूस लाभली नाहीं हें आम्ही नमूद करूं.

दुसरी गोष्ट विजेची. कलमांत आकाशांतून येणाऱ्या अग्नीचा उल्लेख नाहीं. सिंहगडावर पुणें दरवाज्यानें आंत शिरल्यावर दारूकोठाराची दगडी इमारत दाखविली जाते. ११ सप्टेंबर १७५१ रोजीं गडावरील कोठारावर वीज पडली, फडणिसांचें घर उद्ध्वस्त झालें आणि घरांतील सर्व माणसें दगावलीं, अशी हकीकत गडाच्या वर्णनांतून दिलेली असते. विजेबद्दल कोणास दोष देतां येत नाहीं. फ्रँक्लिनचा पतंगाचा प्रयोग त्यापुढच्या वर्षीं, १७५२ सालीं झाला; आणि पुढें १७६९ सालीं इटलींतील ब्रेशिया नगरांत देवळाच्या आसऱ्यानें सांठविलेल्या दारूवर वीज पडून नगराचा मोठा भाग कोसळला, तेव्हां कोठें तिकडील सरकारांचे डोळे उघडले. इंग्रजांनीं पर्फ्लीट येथील आपल्या दारूकोठीसाठीं विद्वानांची समिति नेमली ती १७७२ सालीं, आणि तींत खुद्द फ्रँक्लिन होता. तेव्हां १७५१ सालच्या हवालदारानें वीज कशी आवरावयाची? परंतु फडणिसांचें घर कोठाराच्या टप्प्यांत कां होतें, हा प्रश्न उरतोच, आणि तो विजेचा प्रश्न नव्हे. ‘घराजवळ नसावा’ हे कलमाचे पहिलेच शब्द आहेत. आज्ञापत्र लिहून पुरतीं चाळीस वर्षेंही झालीं नव्हतीं.

येथें इतिहासलेखकांस एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. आज्ञा हा आचाराचा पुरावा नव्हे. ‘मराठ्यांच्या गडांवर दारूची व्यवस्था अशी असे’ असें लिहून खालीं आज्ञापत्राचा आधार देण्याची जी रीत पडली आहे, ती सदोष आहे. आज्ञापत्रावरून ‘अशी असावी असें अमात्यांस वाटे’ एवढेंच सिद्ध होतें. किंबहुना इतक्या बारकाईनें आज्ञा करावी लागली यावरून उलटही तर्क करितां येईल. पुरंदरच्या वेढ्यांत, १६६५ सालीं, सफेद बुरुजावर शत्रूसाठीं जमविलेली दारू अवेळीं पेटून आपलेच लोक उडाले. राज्याभिषेकाच्या आसपास चिपळुणाकडील छावणीच्या जुमलेदारांस शिवाजी महाराजांनीं जें प्रसिद्ध पत्र धाडलें, त्यांत रात्रीं दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात नेईल आणि गवताची गंज भस्म होईल अशी ताकीद आहे. तेथें गोष्ट गवताची आहे, दारूची नव्हे. पण ज्यांना उंदराचीही आठवण करून द्यावी लागे, ते लोक कोठीशीं कसे वागत असतील याची कल्पना यावी. अमात्य त्याच राज्यांत वाढले. त्यांच्या कलमाची विद्या पोथींतून आलेली नसून जळालेल्या घरांतून आलेली आहे, असें आमचें मत आहे.

ओघास आलें म्हणून आणखी एक. पुराणकाळीं आपल्याकडे तोफा व दारू होती असें प्रतिपादन करणारे गृहस्थ अजूनही भेटतात, आणि शुक्रनीति पुढें करितात. तींत नालिकास्त्रें आहेत, अग्निचूर्ण आहे, आणि पांच भाग सोऱ्यास एकेक भाग गंधक व कोळसा असें प्रमाणही आहे. ऑपर्टसाहेबानें १८८० सालीं यावर मोठी इमारत उभारली. परंतु ललनजी गोपाल यांनीं १९६२ सालीं तो ग्रंथच एकोणिसाव्या शतकांतला असल्याचें सप्रमाण मांडलें आहे, आणि आम्हांस त्यांचें म्हणणें पटतें. कौटिल्याच्या अग्नियोगांत राळ, लाख, गुग्गुळ, देवदार आहे, सोरा नाहीं. त्याच्या आयुधागारांत शतघ्नी आहे, पण टीकाकार तिचा अर्थ तटावरील खिळे ठोकलेला स्तंभ असा करितात. ज्या आयुधागारांत दारू नाहीं तेथें अग्नीचें भय वेगळें सांगावें लागत नाहीं, हेंही वर केलेल्या तुलनेवरून ध्यानांत यावें.

नोंदीच्या बाबतींत मात्र आज्ञापत्र कौटिल्याहून आणि मोगलांहूनही उणें पडतें. आईने अकबरींत बंदुकीवर काय कोरावें हें दिलें आहे : लोखंडाचें वजन, लोखंड कोठलें, कारागीर कोण, कोठें घडविली, केव्हां घडविली आणि तिचा अंक. तेथें एक बैल जुंपून सोळा नळ्या एकदम घांसून साफ करण्याच्या चक्राचेंही वर्णन आहे. या कलमांत मुद्रा आहे, पण मुद्रेच्या आंत काय किती होतें याची यादी कोणी धरावी हें नाहीं. तें काम कारखानिसाचें म्हणून सोडलें असेल. तरी सोडलें तें सोडलें.

हें सर्व लिहावयास निमित्त कसें झालें तें सांगतों, म्हणजे हा केवळ शब्दच्छल नाहीं हें वाचकांस कळेल.

पांचसहा वर्षांपूर्वीं कृष्णाकांठच्या एका गांवीं एका जुन्या घराण्यांतील पोथ्या पाहावयास आम्ही गेलों होतों. माजघरांतील शिसवी पेटींत पोथ्यांचीं रुमालीं आणि त्यांच्याच अंगावर आडवी ठेवलेली एक तोड्याची बंदूक, तिचा गज, जामगीचें वेटोळें व दारूचें शिंगडें असा संसार होता. यजमान म्हणाले, “गुरुजी, ही पणजोबांच्याही आधींची. हिच्यांत आतां काय राहिलें आहे?” शिंगड्याचें बूच काढून त्यांनीं तळहातावर काळी कणी ओतली. आम्ही कांहीं बोलणार इतक्यांत त्यांच्या नातवानें चिमूटभर उचलून देवापुढच्या निरांजनावर टाकली. भस्सकन् जाळ झाला. उघडें शिंगडें तेथून चार हातांवर चटईवर पडलें होतें. कोरडी राहिलेली दारू शंभर वर्षांनींही मरत नाहीं, हें आम्ही वाचलें होतें. पाहिलें तें त्या दिवशीं.

निरांजन शांत करवून आम्ही बंदूक पाहिली. मुखासमोर कोणासही उभें न राहूं देतां बांबूची पातळ काडी नळींत हलकेच सोडली, खूण केली, आणि तीच काडी बाहेरून नळीस लावून पाहिली. काडी रंजकाच्या कानापासून चांगली चार अंगुळें अलीकडे अडत होती. बंदूक ठासलेली होती. किती पिढ्या ती त्या घरांत तशीच ठासलेली पडून होती, आणि किती दसऱ्यांस तिच्यापुढें उदबत्ती लावली गेली होती, देव जाणे. अडलेली वस्तु नुसता गंज अगर चिंधीही असूं शकते. पण ठासलेली आहे असें धरूनच वागावें, आणि बार काढण्याचा उद्योग घरीं कोणी करूं नये. यजमानांनीं पोलिसांस वर्दी दिली व त्यांच्याकडील जाणत्यांनीं पुढचें पाहिलें.

कायद्याविषयींही संग्राहकांत मोठा गैरसमज आहे, म्हणून दोन शब्द. जुनी वस्तु म्हटली कीं परवाना नको, असें जो तो म्हणतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमांत जुन्या घडणीच्या अगर पुराणमोलाच्या शस्त्रांस सूट आहे खरी; पण ती दुरुस्ती करूनही जें अग्न्यस्त्र म्हणून चालणार नाहीं त्यास आहे. कसोटी वयाची नसून चालण्याची आहे. सुट्या भागांचेंही तसेंच. शस्त्र या शब्दांत शस्त्राचे भाग येतात. सूट आहे ती किरकोळ भागांस, आणि तेंही ते जोडीच्या भागांसह वापरावयाचे नसतील तर. एका भावाकडे नळी व दुसऱ्याकडे चाप अशी वांटणी झालेलीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. दोघांनाही आपण निर्धास्त आहों असें वाटतें. अशांनीं जिल्ह्याच्या कचेरींत जाऊन लेखी खात्री करून घ्यावी. शिवाय १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांवरील वस्तु व पंचाहत्तर वर्षांवरील हस्तलिखितें यांसही नियम आहेत, तेव्हां पेटींतील दोन्ही अर्धे कायद्यास सारखेच दिसतात.

बंदूक आणि पोथी एका पेटींत नांदूं शकत नाहींत, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. लोखंडास कोरडेपणा हवा. फार कोरड्यांत कागद कडकतो. लोखंडास तेल हवें. तेल कागदाचा काळ. बार काढून न धुतलेल्या नळींत जी काजळी राहते ती ओल ओढून लोखंडास आंतून खाते, आणि तो गंज रुमालांतून झिरपून पानांवर उतरतो. कातडी म्यान शोभिवंत दिसतें, पण पावसाळ्यांत तेंच ओल धरून बसतें.

यजमानांनीं आमचें ऐकलें. पोथ्या कडुलिंबाचा पाला घालून दुसऱ्या पेटींत, दुसऱ्या खोलींत गेल्या. शिंगडें रिकामें होऊन आणि बंदुकीचा निकाल लागून परत आल्यावर प्रत्येक वस्तूस चिठ्ठी बांधली. तिच्यावर आम्हीं आईने अकबरीच्या धर्तीवर वजन, लांबी, खुणा आणि कोणाकडून आली तें लिहिलें. नळीवर एक अंक कोरलेला निघाला.

पोथ्यांपैकीं सर्वांत खालची, बंदुकीच्या नळीखालीं पिढ्यान् पिढ्या दबलेली, ती एका नीतिग्रंथाची प्रत होती. अक्षर वळणदार, पानें पुरीं. शेवटच्या पानावर जेथें लेखकाचें नांव व शक असतो, तेथें तळहाताएवढा तेलाचा काळा डाग होता. ‘शके’ एवढीं दोन अक्षरें वाचतां आलीं.